गेल्या निवडणुकीच्या रेघा, येत्या निवडणुकीचा मतदार

'मध्यावधी निवडणूक' हे शब्द कानावर पडले की मराठी वाचकाला 1971 आठवते, 1980 आठवते, 1999 आठवते. सरकार पडले किंवा पंतप्रधानांनी मुदतीआधीच लोकसभा विसर्जित करायला लावली आणि देशाला वेळेआधी मतदानाला जावे लागले, असा या शब्दांचा आपल्याकडचा अर्थ आहे. अमेरिकेतल्या मध्यावधी निवडणुकीत काही पडत नाही आणि काही विसर्जितही होत नाही. तिथे अध्यक्षाची मुदत चार वर्षांची, प्रतिनिधिगृहाच्या सदस्याची दोन वर्षांची आणि सेनेटरची सहा वर्षांची असते. त्यामुळे अध्यक्षाच्या कारकिर्दीच्या बरोबर मध्यावर संपूर्ण प्रतिनिधिगृह आणि सुमारे एक तृतीयांश सेनेट मतदारांसमोर उभी राहते, हे पंचांगातील तिथीइतके ठरलेले असते. 3 नोव्हेंबर 2026 रोजी प्रतिनिधिगृहाच्या सर्व 435 जागा, दोन पोटनिवडणुका धरून सेनेटच्या 35 जागा आणि 36 राज्यांची गव्हर्नरपदे यांसाठी मतदान होणार आहे. अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांचे नाव एकाही मतपत्रिकेवर नसेल, पण मतदान मुख्यतः त्यांच्याविषयीच असेल, हे त्यांचे समर्थक आणि विरोधक दोघेही धरून चालले आहेत.

सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाचे या निवडणुकीत काय होईल, या प्रश्नाचे पहिले उत्तर इतिहास देतो आणि ते उत्तर फारसे गुंतागुंतीचे नाही. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या 1934 च्या मध्यावधीपासून 2022 पर्यंत अशा 23 निवडणुका झाल्या. त्यांपैकी 20 निवडणुकांत अध्यक्षांच्या पक्षाने प्रतिनिधिगृहातील जागा गमावल्या. 1934, 1998 आणि 2002 हे तीन अपवाद. पहिल्या वेळी देश महामंदीतून वर येण्याची आशा धरून होता, दुसऱ्या वेळी अर्थव्यवस्था भरभराटीत असताना रिपब्लिकनांनी बिल क्लिंटन यांच्यावर महाभियोग चालवण्याचा घाट घालून मतदारांना उबग आणला होता, तर तिसऱ्या वेळी 11 सप्टेंबरच्या हल्ल्याच्या छायेत देश जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्यामागे उभा होता. 1998 आणि 2002 या दोन्ही वर्षी गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत अध्यक्षांच्या कामाला पसंती देणाऱ्यांचे प्रमाण 60 टक्क्यांच्या वर होते. ट्रम्प यांच्याबाबत तेच प्रमाण गॅलपने नोव्हेंबर 2025 मध्ये 36 टक्के नोंदवले. 2006 च्या मध्यावधीच्या वेळी बुश यांची पसंती याच सुमाराची होती आणि त्यांच्या पक्षाने तेव्हा प्रतिनिधिगृह आणि सेनेट, दोन्ही गमावली.

एवढ्यावरून निष्कर्ष काढून मोकळे व्हावे असा मोह होतो. ट्रम्प यांनीही जानेवारी 2026 मध्ये आपल्या पक्षाच्या प्रतिनिधींसमोर बोलताना, ही निवडणूक हरलो तर विरोधक आपल्यावर पुन्हा महाभियोग चालवतील, अशा अर्थाचे विधान केलेच आहे. पण इतिहास फक्त दिशा सांगतो, हानी किती होईल ते सांगत नाही, आणि या वेळी सगळा वाद हानीच्या मापाचा आहे. माझे म्हणणे असे आहे की रिपब्लिकन पक्ष प्रतिनिधिगृह बहुधा गमावेल, सेनेट बहुधा राखेल, आणि ही हानी टाळण्यासाठी त्याने मतदारसंघांच्या सीमा बदलण्याचा जो उपाय योजला आहे, तो काही ठिकाणी त्याच्याच अंगाशी येण्याची शक्यता आहे. या तिसऱ्या मुद्द्याकडे आपल्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही, म्हणून त्यावर अधिक लिहायचे आहे.

आधी हानीच्या मापाविषयी. बराक ओबामा यांच्या पक्षाने 2010 मध्ये 63 जागा गमावल्या, ट्रम्प यांच्या पक्षाने 2018 मध्ये सुमारे 40 आणि जो बायडेन यांच्या पक्षाने 2022 मध्ये फक्त 9. आकड्यांतील हा फरक केवळ लोकांच्या रागाच्या चढउताराने समजत नाही, कारण 2022 मध्येही महागाईने लोक कावलेले होते आणि बायडेन यांची लोकप्रियता यथातथाच होती. त्या वर्षी जून महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक अधिकार रद्द केल्याने डेमोक्रॅटिक मतदार जागा झाला, हे एक कारण आहेच. पण त्याहून मोठे कारण असे की गमावण्यासाठी आधी जागा हाती असाव्या लागतात. 2010 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे 49 प्रतिनिधी अशा मतदारसंघांतून निवडून आलेले होते जिथे 2008 च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन जॉन मॅकेन यांना आघाडी मिळाली होती. हे प्रतिनिधी परक्याच्या अंगणात उभे होते आणि वारा फिरताच त्यांचे पाय सुटले. 2018 मध्ये हिलरी क्लिंटन यांनी जिंकलेल्या 23 मतदारसंघांत रिपब्लिकन प्रतिनिधी होते. 2024 च्या निकालानंतर कमला हॅरिस यांना आघाडी देणाऱ्या मतदारसंघांत उरलेल्या रिपब्लिकन प्रतिनिधींची संख्या होती अवघी तीन, आणि त्यांच्यापैकी नेब्रास्कातील ओमाहाचे डॉन बेकन यांनी पुन्हा न लढण्याचे जाहीर करून टाकले आहे. याउलट ट्रम्प यांनी जिंकलेल्या 13 मतदारसंघांत डेमोक्रॅटिक प्रतिनिधी आहेत.

याचा अर्थ असा की रिपब्लिकन पक्षाने परक्या अंगणात फारसे काही पेरलेलेच नाही. म्हणून 40 किंवा 60 जागांच्या पडझडीची भाकिते करणारे लोक जुन्या अमेरिकेचा नकाशा समोर ठेवून बोलत आहेत, असे मला वाटते. मात्र दुसऱ्या बाजूने पाहिले तर पक्षाकडे गमावण्यासारखी शिल्लकही फारशी नाही. 2024 मध्ये रिपब्लिकनांना 220 आणि डेमोक्रॅटांना 215 जागा मिळाल्या. बहुमताला 218 लागतात. 2010 मध्ये सत्तांतरासाठी विरोधकांना 39 जागा हिसकावून घ्याव्या लागणार होत्या, 2018 मध्ये 23; या वेळी तीन पुरेशा आहेत. नकाशा जर आहे तसाच राहिला असता, तर अगदी सौम्य नाराजीनेही प्रतिनिधिगृह हातचे गेले असते. हे गणित व्हाइट हाउसला 2025 च्या उन्हाळ्यातच उमगले होते आणि पुढच्या साऱ्या घडामोडी त्यातून घडल्या.

मतदारसंघांच्या सीमा हा विषय महाराष्ट्रातील वाचकाला समजावून सांगण्याची गरज नसावी. महापालिकेची प्रभागरचना जाहीर होते त्या दिवशी निम्मी निवडणूक होऊन जाते, कोणाचा हक्काचा मोहल्ला कोणाच्या प्रभागात टाकला यावरून उमेदवाऱ्या ठरतात आणि हरकती-सूचनांच्या सुनावणीला सगळे पक्ष नकाशे घेऊन धावतात, हे आपण पाहत आलो आहोत. पण लोकसभा आणि विधानसभा मतदारसंघांच्या सीमा आपल्याकडे स्वतंत्र परिसीमन आयोग ठरवतो. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत लोकसभेच्या तोलाच्या प्रतिनिधिगृहाचे मतदारसंघ राज्याचे विधिमंडळ आखते, म्हणजे ज्यांना निवडून यायचे आहे त्यांचेच भाईबंद रेघा ओढतात. 1812 मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी मंजूर केलेल्या एका मतदारसंघाचा आकार सॅलमँडर या सरड्यासारख्या प्राण्यासारखा दिसला म्हणून या कारागिरीला जेरीमँडरिंग हे नाव पडले, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षीय हेतूने केलेली अशी आखणी हा संघराज्यीय न्यायालयांनी सोडवण्याचा प्रश्नच नव्हे असे सांगून टाकल्यावर या कारागिरांना उरलीसुरली भीतीही राहिली नाही.

तरीही एक संकेत पाळला जात असे: दर दहा वर्षांनी जनगणना झाली की त्यानंतर सीमा बदलायच्या आणि पुढच्या जनगणनेपर्यंत, न्यायालयाने भाग पाडले नाही तर, त्यांना हात लावायचा नाही. टेक्सासने हा संकेत 2003 मध्ये एकदा मोडला होता. ऑगस्ट 2025 मध्ये ट्रम्प यांच्या आग्रहावरून त्याच राज्याने तो पुन्हा मोडला. टेक्सासच्या 38 जागांपैकी 25 रिपब्लिकनांकडे होत्या. नव्या नकाशात त्या 30 व्हाव्यात असा उघड बेत होता, आणि तो लपवण्याची कोणी तसदीही घेतली नाही. डेमोक्रॅटिक आमदार राज्य सोडून इलिनॉयला निघून गेले. आपले आमदार सुरत आणि गुवाहाटी गाठतात ते सरकार पाडण्यासाठी. हे गेले होते सभागृहाची गणपूर्ती होऊ न देण्यासाठी, आणि दोन आठवड्यांनी परत आले. नकाशा मंजूर झाला, कनिष्ठ न्यायालयाने तो अडवला आणि डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2026 साठी तो वापरायला मुभा दिली.

त्यानंतर लोण पसरले. मिसुरीने कॅन्सस सिटीचा डेमोक्रॅटिक मतदारसंघ फोडला, नॉर्थ कॅरोलायनाने ईशान्येकडील एका मतदारसंघाची मोडतोड केली, ओहायोत दोन जागा रिपब्लिकनांच्या बाजूला थोड्या कलत्या झाल्या. उत्तरादाखल कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी, ज्या राज्याने नकाशे आखण्याचे काम राजकारण्यांच्या हातून काढून स्वतंत्र नागरिक आयोगाकडे दिले होते त्याच राज्यात, तो आयोग काही निवडणुकांपुरता बाजूला ठेवून पाच जागा डेमोक्रॅटांकडे वळवणारा नकाशा थेट मतदारांसमोर ठेवला आणि नोव्हेंबर 2025 मध्ये सुमारे 64 टक्के मतदारांनी त्याला होकार दिला. चोराच्या उलट्या बोंबा नकोत म्हणून येथे स्पष्ट लिहितो: डेमोक्रॅटिक पक्षाचे हे कृत्यही प्रातिनिधिक लोकशाहीच्या दृष्टीने वाईटच आहे, आणि 'त्यांनी केले म्हणून आम्ही केले' या युक्तिवादाने ते चांगले ठरत नाही. इलिनॉयमध्ये तर हा पक्ष वर्षानुवर्षे असलीच आखणी करत आला आहे. फरक एवढाच की कॅलिफोर्नियात निदान मतदारांना विचारले गेले, टेक्सासमध्ये विचारले गेले नाही.

या साऱ्या धुमाळीत मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली घटना इंडियानात घडली. तिथल्या राज्य सेनेटमध्ये रिपब्लिकनांचे प्रचंड बहुमत आहे, अध्यक्षांनी जाहीर धमक्या दिल्या होत्या, उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स समजूत घालायला स्वतः जाऊन आले होते, आणि तरीही 11 डिसेंबर 2025 रोजी त्या सभागृहाने नवा नकाशा 31 विरुद्ध 19 मतांनी फेटाळला. विरोधी मतांत रिपब्लिकनांचीच मते जास्त होती. त्या सदस्यांची कारणे एकसारखी नव्हती. काहींना धमक्यांचा संताप होता, काहींना खरोखरच तत्त्वाचा प्रश्न वाटत होता आणि काहींनी बहुधा साधा हिशेब केला असावा. तो हिशेब समजून घेतला पाहिजे.

मतदारसंघांची आखणी म्हणजे शिलकीची वाटणी असते. एका मतदारसंघात पक्षाला 65 टक्के मते मिळत असतील तर त्यातली काही शेजारच्या मतदारसंघात हलवायची, म्हणजे इथे 56 टक्के राहतील आणि तिथे 55 होतील, जागा एकाच्या दोन होतील. पण अशाने प्रत्येक जागेच्या खालची भिंत पातळ होते. मतदार पाच-सहा टक्क्यांनी फिरला तरी पूर्वी जिथे धोका नव्हता तिथेही पाणी शिरते. आणि ही वाटणी करताना कारागिराच्या समोर कोणती मते असतात? गेल्या निवडणुकीची. टेक्सासच्या नव्या नकाशात रिपब्लिकनांना मिळवून द्यायच्या पाचांपैकी अनेक जागा लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, बहुसंख्येच्या आहेत, आणि त्या मिळतील हा विश्वास 2024 च्या आकड्यांवर उभा आहे. त्या वर्षी ट्रम्प यांनी मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेली स्टार काउंटी जिंकली, जिने शंभराहून अधिक वर्षांत रिपब्लिकन अध्यक्षीय उमेदवाराला आघाडी दिली नव्हती. लॅटिनो मतदार कायमचा आपला झाला, असे त्या पक्षातील अनेकांना त्या रात्री वाटले आणि त्या समजुतीला वर्षभरातच नकाशाचे रूप मिळाले.

मग नोव्हेंबर 2025 उजाडला. न्यू जर्सीतील पॅसेइक काउंटी लॅटिनो वस्तीची. 2024 मध्ये तिने ट्रम्प यांना आघाडी दिली, ही तेव्हाची मोठी बातमी होती. बारा महिन्यांनी गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक उमेदवार मिकी शेरील यांनी ती मोठ्या फरकाने परत घेतली आणि राज्यही सुमारे 14 टक्क्यांच्या फरकाने जिंकले. व्हर्जिनियात डेमोक्रॅटिक अबिगेल स्पॅनबर्गर गव्हर्नरपदी सुमारे 15 टक्क्यांनी निवडून आल्या. त्यांच्यासोबत हैदराबादेत जन्मलेल्या गझाला हाश्मी उपगव्हर्नर झाल्या. डिसेंबरमध्ये टेनेसीतील ज्या मतदारसंघात ट्रम्प यांना 22 टक्क्यांची आघाडी होती, तिथल्या पोटनिवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार जिंकला खरा, पण फरक सुमारे 9 टक्क्यांवर उतरला. पोटनिवडणुकीवरून सार्वत्रिक निवडणुकीचा अंदाज बांधू नये हे मान्यच आहे. पण 55-56 टक्क्यांच्या भिंती बांधलेल्या माणसाने 13 टक्क्यांच्या घसरणीची बातमी वाचून शांत झोपावे, अशी परिस्थिती नाही. दक्षिण टेक्सासमधील एक जागा तर हेन्री क्वेयार या डेमोक्रॅटिक प्रतिनिधीकडे आहे, ज्यांना लाचखोरीच्या खटल्यातून ट्रम्प यांनीच डिसेंबरमध्ये माफी दिली आणि ते पुन्हा डेमोक्रॅटिक पक्षाकडूनच उभे राहत आहेत हे कळल्यावर त्यांना निष्ठाहीन ठरवले. राजकारणातील कृतज्ञतेविषयी अध्यक्षांना या वयात धडा मिळावा, हे नवलच.

नकाशा बाजूला ठेवला तरी सत्ताधारी पक्षापुढे आणखी एक अडचण उरते आणि ती त्याच्या विजयातूनच निर्माण झालेली आहे. ओबामा यांच्या काळात अनियमित मतदार डेमोक्रॅटिक होता. तरुण, कृष्णवर्णीय, शहरी गरीब मतदार अध्यक्षीय वर्षी येत आणि मध्यावधीला घरी बसत. 2014 मध्ये मतदान सुमारे 36 टक्क्यांपर्यंत खाली आले, जे दुसऱ्या महायुद्धानंतरचे नीचांकी मानले जाते, आणि त्याचा फटका डेमोक्रॅटांना बसला. गेल्या दहा वर्षांत पदवीधर, उपनगरी, दर निवडणुकीला न चुकता मतदान करणारा वर्ग त्या पक्षाकडे सरकला आणि राजकारणाचा कंटाळा असलेला, पण ट्रम्प या व्यक्तीसाठी घराबाहेर पडणारा वर्ग रिपब्लिकनांकडे आला. हा दुसरा वर्ग 2018 मध्ये पुरेसा आला नाही आणि 2022 मध्येही आला नाही. व्यक्तीच्या नावावर उभ्या राहिलेल्या पक्षाची ही जुनी व्यथा आहे. मते नेत्याच्या खात्यात जमा होतात आणि उमेदवाराला ती उसनवार मिळतात.

यावर पक्षाचे उत्तर आहे पैसा, म्हणजे मतदाराच्या हातात पडणारा पैसा. या उत्तराची टर उडवण्यापूर्वी महाराष्ट्राने स्वतःकडे पाहावे. जून 2024 च्या लोकसभा निकालात महायुतीला 48 पैकी 17 जागा मिळाल्या होत्या. पाच महिन्यांनी विधानसभेच्या 288 पैकी 230 जागा तिच्या पदरात पडल्या, आणि त्या दरम्यान लाडक्या बहिणींच्या खात्यांत दरमहा 1500 रुपये जमा होऊ लागले होते. केवळ त्यामुळेच निकाल फिरला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल, पण त्याचा काहीच वाटा नव्हता असे म्हणणारा माणूस गावात फिरलेला नाही. ट्रम्प यांनीही आयातशुल्काच्या उत्पन्नातून माणशी 2000 डॉलर वाटण्याची घोषणा नोव्हेंबर 2025 मध्ये केली आणि डिसेंबरमध्ये सैनिकांना 1776 डॉलरची रक्कम जाहीर केली. 4 जुलै 2025 रोजी सही झालेल्या त्यांच्या मोठ्या करकायद्याची रचनाही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. टिप आणि ओव्हरटाइमच्या उत्पन्नावरील करसवलत 2025 च्या उत्पन्नापासूनच लागू, म्हणजे तिचा परतावा 2026 च्या वसंतात हातात. तर गरिबांच्या मेडिकेड या आरोग्य योजनेत लाभार्थ्यांना काम करत असल्याचा पुरावा द्यावा लागण्याची अट बहुतांश ठिकाणी 2027 च्या उंबरठ्यावर, म्हणजे मतदान होऊन गेल्यावर. गोड आधी आणि कडू नंतर, अशी ही पंगत वाढली आहे.

पण या पंगतीत एक कडू पदार्थ चुकून आधीच पानात पडला. ओबामांच्या काळातील आरोग्य विमा कायद्याखाली कोविडच्या वेळी वाढवलेले अनुदान 31 डिसेंबर 2025 रोजी संपले आणि ज्या कुटुंबांना नोकरीतून विमा मिळत नाही, त्यांना जानेवारीतच वाढीव हप्त्यांची बिले आली. याच अनुदानासाठी डेमोक्रॅटांनी 1 ऑक्टोबर ते 12 नोव्हेंबर असे 43 दिवस सरकारी कामकाज ठप्प होऊ दिले होते. त्यांच्यातील काही सेनेटरांनी अखेर माघार घेतली आणि अनुदान काही मिळाले नाही. पण हप्ता वाढला तर कोणाकडे बोट दाखवायचे, हे त्या 43 दिवसांत मतदाराला कळून चुकले. महागाईचेही तसेच. 2024 मध्ये ट्रम्प जिंकले ते अंडी, किराणा आणि घरभाड्याच्या भावांवर. सत्तेवर येताच भाव उतरवू, असे त्यांनी सांगितले होते. नोव्हेंबर 2025 मध्ये त्यांना कॉफी, केळी, टोमॅटो आणि गोमांसावरील स्वतःचीच वाढीव आयातशुल्के मागे घ्यावी लागली. आयातशुल्क परदेशी माणूस भरतो असे वर्षभर सांगितल्यावर भाव उतरवण्यासाठी तेच शुल्क काढावे लागणे, ही कबुली कोणत्याही विरोधी प्रचारापेक्षा बोलकी आहे.

विरोधी पक्ष तरी कुठे लोकप्रिय आहे, हा आक्षेप येथे हमखास घेतला जातो आणि तो खराही आहे. डेमोक्रॅटिक पक्षाला आज सर्वमान्य नेता नाही; न्यूयॉर्कचे महापौर झालेले झोहरान ममदानी आणि व्हर्जिनियाच्या स्पॅनबर्गर हे एकाच पक्षात कसे, असा प्रश्न पडावा इतका त्याचा आवाज विस्कळीत आहे. पण मध्यावधी निवडणूक ही पर्याय निवडण्याची निवडणूक नसते. व्हाइट हाउसमध्ये कोण बसणार हे तिच्यातून ठरत नाही, म्हणून नाराज मतदाराला विरोधकांवर प्रेम करण्याची गरज पडत नाही. भाडेकरूने घरमालकाला नोटीस देताना पुढचे घर पक्के केलेलेच असते असे नाही.

सेनेटची गोष्ट वेगळी आहे आणि ती थोडक्यात सांगता येते. तिथे रिपब्लिकनांचे 53 आणि विरोधकांचे 47 सदस्य आहेत. बरोबरी झाली तर उपाध्यक्षांचे निर्णायक मत सत्ताधाऱ्यांचे, म्हणून डेमोक्रॅटांना निव्वळ चार जागा मिळवाव्या लागतील. मतदान होणाऱ्या 35 पैकी 22 जागा रिपब्लिकनांच्या असल्या तरी त्यांपैकी कमला हॅरिस यांनी जिंकलेल्या राज्यातील जागा एकच आहे, ती म्हणजे मेनमधील सूझन कॉलिन्स यांची. करकायद्याला विरोध करून निवृत्ती जाहीर केलेल्या थॉम टिलिस यांची नॉर्थ कॅरोलायनातील जागा माजी गव्हर्नर रॉय कूपर यांच्यामुळे डेमोक्रॅटांना जिंकता येण्याजोगी वाटते. तिसरी ओहायोत माजी सेनेटर शेरॉड ब्राउन यांच्या वैयक्तिक पुण्याईवर कदाचित मिळेल. चौथी शोधण्यासाठी आयोवा, टेक्सास किंवा अलास्का अशा भागांत जावे लागते जिथे ट्रम्प दहा किंवा त्याहून अधिक टक्क्यांनी जिंकले होते, आणि हे सगळे करताना जॉर्जिया आणि मिशिगनमधील स्वतःच्या जागा राखाव्या लागतात. अशक्य नाही, पण एवढी मोठी लाट मला आज तरी दिसत नाही.

आता हे सगळे आपण का वाचायचे, हा प्रश्न उरतो. ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय मालावरील शुल्क 50 टक्क्यांवर गेले तेव्हा अंधेरीच्या सीप्झमधील दागिने घडवणाऱ्या कारागिरांच्या कामावर त्याचा परिणाम होणे अटळ होते, आणि सप्टेंबरमध्ये नव्या एच-1बी व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले त्या रात्री पुण्यातील अनेक घरांत परतीच्या तिकिटांची शोधाशोध चालली होती. अशा घरांतून आज विचारले जाते की नोव्हेंबरनंतर अशी पावले थांबतील का. उत्तर निराश करणारे आहे. ती दोन्ही पावले अध्यक्षांनी काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे, न जाता स्वतःच्या सहीने उचललेली होती. प्रतिनिधिगृह विरोधकांकडे गेले तर चौकशी समित्या बसतील, अधिकाऱ्यांना समन्स निघतील, अंदाजपत्रकावर सौदेबाजी होईल, कदाचित महाभियोगही येईल. पण अध्यक्षाचा आदेश रद्द करणारा कायदा करायला सेनेट लागते आणि अध्यक्षाच्या नकाराधिकारावर मात करायला दोन्हीकडे दोन तृतीयांश मते लागतात. ती कोणालाही मिळणार नाहीत. प्रतिनिधिगृह हातून गेलेला अध्यक्ष उलट आदेशांवर अधिकच विसंबून राहतो, हे ओबामा यांच्या काळातही दिसले आहे.

आपल्याशी जवळचा असा एक सामना मात्र नोव्हेंबरच्या आधीच होईल. चिकोडीत जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार हे मिशिगनमधील डेट्रॉइटच्या मतदारसंघाचे डेमोक्रॅटिक प्रतिनिधी आहेत. तो मतदारसंघ त्या पक्षाचा इतका हक्काचा आहे की तिथे खरी लढत पक्षांतर्गत प्राथमिक फेरीतच, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानातच होते, आणि या वेळी पक्षातील तरुण फळीने त्यांना आव्हान दिले आहे. रेघा पक्क्या झाल्या की मतदाराच्या हाती काय उरते, याचे हे दुसरे चित्र आहे. 435 पैकी बहुतेक मतदारसंघ आज असेच आहेत, म्हणजे तिथला प्रतिनिधी नोव्हेंबरच्या मतदाराला घाबरत नाही, प्राथमिक फेरीला येणाऱ्या मूठभर कडव्या मतदाराला घाबरतो. रिपब्लिकन प्रतिनिधी ट्रम्प यांच्याविरुद्ध बोलत नाहीत त्याचे कारण त्यांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा या रचनेत शोधावे. इंडियानातील बंडखोरांनाही त्यांच्या प्राथमिक फेरीतच धडा शिकवण्याची भाषा अध्यक्षांनी केली आहे.

म्हणून प्रतिनिधिगृहाचा निकाल ठरेल तो दक्षिण टेक्सासच्या दोन-तीन जागा, कॅलिफोर्नियातील मध्य खोऱ्याचा आणि दक्षिणेचा काही भाग, व्हर्जिनिया, आयोवा, पेनसिल्व्हेनिया यांतील थोड्या उपनगरी आणि निमग्रामीण जागा, अशा मोजक्या ठिकाणी. यांतील कॅलिफोर्नियात मतदानाच्या दिवसापर्यंत टपालात पडलेली मतपत्रिका नंतर काही दिवसांनी पोहोचली तरी मोजली जाते, आणि प्रत्येक सही पडताळून पाहिली जाते. मतमोजणीच्या दिवशी दुपारी गुलाल उधळण्याची सवय असलेल्या आपल्या वाचकाने त्या आठवड्यात धीर धरावा. 2022 मध्ये 8 नोव्हेंबरला मतदान झाले होते आणि प्रतिनिधिगृह कोणाचे, हे 16 तारखेला कळले होते.